रंग न धरणारी गिटार

औसा, ८ जुलै २०२४

वर्षाराणी बाळा,

आत्याचं पत्र बघून तू हसशील. घरात फोन हाय, त्याला रेंज बी हाय, पर बोलायचं तर आमच्या ह्यांच्यासमोर, तुझ्या मामासमोरच बोलावं लागतंय. ते आता दिवसभर उंबऱ्यावर बसलेले असतात. शेतात न्हाई, पारावर न्हाई. म्हणून लिहायला घेतलं. सातवी पास हाय मी. तुझ्या बापापेक्षा माझं अक्षर चांगलं होतं, त्याला इचार.

काम असं हाय. माझा पोरगा शिवम लातुरात शिकायलाय कमी अन् ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायलाय जास्ती. त्याची जुनी गिटार पडून तुटली. घरात एक सागवानी फळी होती, ती चन्नबसप्पा सुताराकडून गिटारच्या आकारात कापून घेतली. शिवमनं जुन्या गिटारचं माप कागदावर काढून दिलं. नुसतं लाकूड हाय, तारा-बिरा मागून बसतील. लातूरहून एसटीच्या पार्सलनं तुझ्याकडं येईल. तू हैदराबाद-पुण्याच्या लोकांच्या गिटारी रंगवतीस, आता आत्याची एक रंगव.

काळी कर. दाट काळी. खालचं लाकूड कुठूनबी दिसता कामा नये, एवढंच माझं सांगणं. का म्हणून इचारू नको.

बाकी घरचं काय सांगू. पुनम गेल्यापासून घर खायला उठतंय. संक्रांतीच्या तोंडावर गेली माझी लेक, सासरचं पहिलं वाण बी तिनं हाती धरलं न्हाई. तवापासून तुझे मामा असे झालेत. मी तर रडायचं बी सोडून दिलं. दोघंबी बसलो तर भाकरी कोण थापील?

तुझी,
कावेरी आत्या


विष्णुपुरी, १७ जुलै

आत्या,

पार्सल मिळालं. स्टँडवर कंडक्टर विचारून राहिला, "ताई, ह्यात पाट हाय का?" मी म्हटलं, हाव, जेवायला बसायचा. बिचाऱ्यानं खरं धरलं.

लाकूड बघून मी तर खूश झाले. असलं जुनं, मुरलेलं सागवान आता बाजारात हात जोडले तरी मिळत न्हाई. हे तू कुठून पैदा केलंस? कडेला स्क्रूची जुनी भोकं होती, ती मी पुट्टी भरून बुजवली. एका खाचेत हिरव्या ऑइलपेंटचा पापुद्रा अडकलेला सापडला. कुणाच्या खाटेची फळी तर न्हाई ना? आज्जीची खाट असंल तर आधी सांग, ती स्वप्नात येऊन मला बोलायची.

आता काळ्याचं ऐक. लोकांना वाटतं, काळ्यात सगळं झाकतं. उलटं हाय. काळ्यासारखा चुगलखोर रंग न्हाई. पॉलिश पेपरची एक रेघ राहिली, बोटाएवढा खड्डा राहिला, की उजेडात सगळं वर येतं. त्यात शिवमचा मला फोन आला. त्याला काळी नको, पाण्यावरच्या रंगाची पायजे. ते काय असतं सांगते. आधी लाकडाची सगळी रंध्रं भरायची, घासायची, वर पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा. मग मोठ्या पिंपात पाणी घेऊन त्यात टंकणखार विरघळवायचा. त्यानं पाण्यावर टाकलेला रंग बुडत न्हाई, पसरतो. निळा, जांभळा, पिवळा असे थेंब सोडायचे, काडीनं फिरवायचे, की पाण्यावर मोरपिसासारखी नक्षी तयार. मग बॉडी सावकाश बुडवायची. सगळी नक्षी तिला लपेटून येते. दोन बॉड्या कधी सारख्या निघत न्हाईत. वाळल्यावर वर क्लिअरचे, बिनरंगी वार्निशचे थर, पुन्हा घासणं, पुन्हा क्लिअर, शेवटी काचेसारखी चमक.

आत्या, तू काळीच म्हणतीस ते दुःखानं म्हणतीस, एवढं मला कळतं. पण आपली पुनम पोपटी साडीवर गुलाबी ब्लाऊज घालणारी पोरगी. तिला काळं बघवलं असतं का? तिच्या लग्नाला मी हैदराबादेत काम अडकलं म्हणून आले न्हाई, ती अजून माझ्यावर रुसलेली असंल. निदान भावाची गिटार तरी रंगीत होऊ दे.

वर्षाराणी


औसा, २४ जुलै

वर्षे,

कर शिवम म्हणतोय तसं. पर लाकूड झाकलं पायजे. निळं कर, जांभळं कर, मला काय त्याचं.

ते हिरवं सापडलं ते टाकून दे. खाट न्हवती ती. कशाची फळी ते शिवमला बी इचारू नको, त्याला मी शपथ घातलीय.

अन् घरी फोन करू नको. परवा तू केलास, मी दोन शब्दांत आटपलं, तर तुझे मामा मान वर करून म्हणाले, "वर्षीकडं काय धाडलंस?" लई दिवसांनी तोंड उघडलं माणसानं, अन् नेमकं हेच इचारलं. त्यांना कुणी सांगितलं? मी तर न्हाई सांगितलं.

लवकर कर.

कावेरी आत्या


विष्णुपुरी, ५ ऑगस्ट

आत्या,

हे पत्र मी शेडच्या बाहेर, लिंबाखाली बसून लिहून राहिले. भर दुपार हाय, रस्त्यानं कॉलेजची पोरं चाललीत, तरी आत बसवंना.

शनिवारी तुझी बॉडी बुडवायला घेतली. माझ्याकडं रत्नम्मा कामाला हाय, देगलूरकडची, घासायचं सगळं काम तिचं. तिनं पांढरा हात दिलेली बॉडी टंकणखाराच्या पाण्यानं पुसून दिली, रंग नीट धरावा म्हणून आम्ही तसं करतो. मी पाण्यावर रंग सोडले. इतके सुरेख पसरले म्हणून सांगू! अन् बॉडी खाली नेऊन राहिले तर पाण्याला टेकायच्या आधीच मधले रंग फाकले. हाताएवढी जागा मोकळी झाली, नुसतं काळं पाणी. वारा न्हवता, पंखा बंद होता. मी पाहिलं, आत्या, खोटं सांगून मला काय मिळणार हाय?

बाहेर काढली तर सगळीकडं रंग चढला होता, पण वरच्या अंगाला, वाजवताना उजवा दंड टेकतो तिथं, पांढरं तसंच राहिलं होतं, अन् त्या पांढऱ्यातून लाल हात वर येऊन राहिला होता. पाच बोटं, पंजा, सगळं. बारीक, पोरीचा हात.

मी आधी रत्नम्मावर खेकसले. म्हटलं, कुंकवाचे हात घेऊन कामाला येतीस का? ती बिचारी मला हात दाखवून राहिली, धुतलेले, कोरडे. मग मी सगळं घासून काढलं, पार लाकडापर्यंत. काही न्हाई, साधं पिवळसर सागवान. पुन्हा पांढरा हात दिला, पुन्हा पुसलं. आमच्या डोळ्यांदेखत तो आला. आधी करंगळी, मग एकेक बोट, कुणी आतून दाबावं तसा. रत्नम्मा "अम्मो!" म्हणून मागं सरली.

नंतर तीच शहाणी निघाली. म्हणाली, "हळदीच्या लुगड्याला साबण लावला की लाल होत न्हाई का? हे बी तसंच हाय. लाकडात हळद हाय, तिला खार लागला." खरं हाय ते, आपण सगळ्या बायकांनी धुण्यावर पाहिलंय. पण मला सांग, कारण कळलं म्हणून भ्या जातं का? रत्नम्मानं सांगितलं अन् तीच आता त्या बॉडीला हात लावंना. ओली झाली की तिला हळदीचा वास येतो, लग्नघरासारखा.

आत्या, मला फसवू नको आता. ही फळी कशाची हाय, अन् हात कुणाचा हाय? मला एक शंका येऊन राहिली, ती मी लिहीत न्हाई. तूच लिही.

वर्षाराणी


औसा, १३ ऑगस्ट

वर्षे,

तुझी शंका खरी हाय. हात पुनमचा हाय. फळी आमच्या घराच्या पुढच्या दाराची हाय.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक असंल. लेक सासरी निघाली की हळदीचा हात माहेरच्या दारावर उमटवून जाती. तो कुणी पुसायचा न्हाई, धुवायचा न्हाई. उन्हापावसानं आपसूक उडाला की समजायचं, लेक सासरी रुळली. पुनमनं वैशाखात उमटवला. लई जोर लावला होता, हसत हसत. म्हणाली, "आई, ह्यो लवकर जायचा न्हाई बघ, मला रुळायची घाई न्हाई."

दसरा काढताना, घर झाडून-धुवून घेताना, तुझ्या मामानं सगळ्या दारांना हिरवा ऑइलपेंट दिला. मी म्हटलं, तेवढा हात सोडून द्या. ते म्हणाले, "दाराला काय ठिगळ ठेवू? पोरगी सुखात हाय, पोटुशी हाय, आता हात कशाला पायजे?" अन् एका ब्रशात झाकून टाकला. राग न्हवता गं त्यात. खुशीतच होते. गाणं म्हणत रंगवलं.

अन् पुनमला उदगीरला सासरी कावीळ झाली. पोटातलं लेकरू अन् ती, दोघंबी गेली. आम्ही पोचलो तवा तिचे डोळे पिवळे, नखं पिवळी, तळहात पिवळे जर्द. ते तळहात ह्यांनी बघितले. माती झाल्यावर भेटायला आलेल्या बायका ओसरीत बोलल्या, "दारावरची हळद झाकली, ती पोरीच्या अंगात गेली." बोलणारीच्या जिभेला काय हाड असतंय? ह्यांनी ऐकलं.

तवापासून खुरपं घेऊन दारापाशी बसायचे. हिरवा रंग खरवडायचे. हात बाहेर काढतो म्हणायचे. मांडीवर हिरव्या पापुद्र्यांचा ढीग. सगळा रंग गेला, लाकूड लागलं, पर हात काय सापडला न्हाई. तरी खरवडायचेच. "मीच पुसलं तिला, कावेरी, मीच पुसलं," एवढंच बोलायचे. जेवणाची शुद्ध न्हाई. शिवमनं लातूरला डॉक्टरकडं नेलं, तिथं थोडे दिवस ठेवून घेतलं, तेवढ्यात मी दार उतरवलं अन् लोखंडी बसवलं. परत आले, दाराकडं बघितलं, अन् दार कुठं गेलं असं एका शब्दानं इचारलं न्हाई. उंबऱ्यावर बसले. आता लोखंडालाच नख मारत बसतात. तो आवाज, वर्षे, दिवसभर माझ्या दातात शिरतो.

ते दार मी चुलीपाशी नेलं होतं. जाळवलं न्हाई. गोठ्यात ठेवलं, तर गाय तिकडं तोंड करीना. मग मनात आलं, घरात तर राहावं पर दिसू नये. शिवमच्या छातीशी राहील, तो भाऊ हाय, त्याला काय व्हायचं न्हाई. म्हणून तुला काळी कर म्हटलं.

आता तू म्हणतीस ती झाकूनच घेत न्हाई. मी काय करू, तूच सांग. माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत चाललाय. लेक गेली, आता ह्यांना बी जाऊ देऊ का?

कावेरी आत्या


विष्णुपुरी, २२ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र वाचून मी लिंबाखालीच बसून रडले. रत्नम्मानं पाणी आणून दिलं. मग डोकं ठिकाणावर आल्यावर एक गोष्ट लक्षात आली, अन् मी उडालेच.

आत्या, हात पुसला गेलाच न्हाई!

हळद वरच्या वर राहिली असती तर ऊन लागून वर्षभरात उडून गेली असती. हळदीला ऊन सोसत न्हाई, हे आमच्या रंगाच्या धंद्यातलं पोरसोरही सांगेल. पुनमनं जोर लावून उमटवला, ती लाकडात खोल मुरली, अन् वर मामांनी ऑइलपेंटचा थर दिला. त्या थरानं ऊन अडवलं. मामांनी पुसला न्हाई, मामांनी तो राखला. खरवडल्यावर दिसला न्हाई कारण सागवान मुळात पिवळं, पिवळ्यात पिवळं कसं दिसणार? तो तिथंच होता, त्यांच्या खुरप्याखाली. हे त्यांना सांग. आजच्या आज सांग. लपवून ठेवून तू त्यांना वाचवून राहिली असं तुला वाटतं, पण माणूस दार शोधून न्हाई राहिला, तो हात शोधून राहिला.

अजून एक हाय. ते लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं.

रंग तिथं का बसत न्हाई त्याचा छडा लावला. लाकडात तेल मुरलंय. तेल असलं की रंग गोळा होऊन बाजूला सरकतो, अन् जो थर बसतो तो वाळत न्हाई. बाकी बॉडी खडखडीत वाळते, तेवढी जागा बोटाला चिकटते, घामेजल्यासारखी. मी ती जागा तिरप्या उजेडात धरून पाहिली. तेलाचाही हातच हाय, आत्या. पुनमच्या हातापेक्षा मोठा, बरोबर तिच्या हातावर ठेवलेला. बोटावर बोट. रोज, एकाच जागी, कुणीतरी हात ठेवल्याशिवाय इतकं तेल मुरत न्हाई.

मामाच असणार. खरवडून झाल्यावर रोज तिथं हात टेकून बसत असतील. तेही सांग त्यांना. म्हणावं, मामा, तुमचा हात तिच्या हातावर हाय, दोन्ही टिकलेत.

मी पुढचं काम थांबवलंय. तू सांगशील तसं करीन.

वर्षाराणी


औसा, २ सप्टेंबर

वर्षे,

सांगितलं.

तुझं पत्रच वाचून दाखवलं. दार कापल्याचं ऐकून मला वाटलं हात उगारतील. न्हाई. लोखंडावरचं नख थांबलं. म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. "पुसला न्हाई?" म्हटलं, न्हाई. "मी पुसला न्हाई?" म्हटलं, न्हाई हो, तुम्ही राखला. मग उठले, हातपाय धुतले अन् ताटावर बसले. दीड भाकरी खाल्ली. मी दुसरीकडं तोंड करून पदर तोंडात कोंबला, त्यांना आवाज जाऊ नये म्हणून.

पर थोरल्या हाताचं वाचलं तर खाता खाता थांबले. म्हणाले, "मी न्हाई ठेवला." मी म्हटलं, असंल ठेवला, तुमच्या ध्यानात नसंल. तर चिडले. "माझी छाती होती का तिच्या हातावर हात ठेवायची? खुरप्याच्या टोकानं खरवडायचो. बोट बी टेकू दिलं न्हाई कधी." शपथ घेतली पुनमची. माझा माणूस तिची खोटी शपथ घेणार न्हाई.

मग कुणाचा गं? घरात आम्ही दोघंच. येणारं-जाणारं दाराला हात लावतंय, पर रोज एकाच जागी कोण लावील?

संध्याकाळभर एकच धरून बसले, "मग ती कुणाचा हात धरून हाय, कावेरी? तिकडं कुणाचा हात धरलाय तिनं?" मी देवघरात दिवा लावला अन् तिथंच बसून राहिले.

आता झाकू नको. ते म्हणतात, हाय तसा बघायचाय. दोन्ही हात राहू देत. शिवमला सांगितलंय, तो घ्यायला येईल.

कावेरी आत्या


विष्णुपुरी, २१ सप्टेंबर

आत्या,

शिवमबरोबर गिटार धाडून राहिले. कशी केली ते सांगते, म्हणजे घाबरणार न्हाईस.

सगळ्या अंगाला शिवमला पायजे तसे पाण्यावरचे रंग दिलेत, निळा अन् जांभळा. हाताची जागा मोकळी सोडली, तिथं नुसतं लाकूड, त्यात लाल हात. रंगांचा काठ मी बुडवताना ठरवला न्हाई, तो थोरल्या हाताच्या कडेनं आपसूक थांबला. इतका साफ काठ मी पट्टी चिकटवून सुद्धा काढू शकले नसते. तेलावर क्लिअर बसंना, म्हणून आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख दिली. लाख तेलाला आत कोंडते. तिचे थर देताना पहिल्यांदा तेल वर आलं, दुसऱ्यांदा आलं, मग राहिलं. त्यावर क्लिअर. शेवटची घासणी रत्नम्मानं केली. दीड महिना शिवली न्हवती, त्या दिवशी आपणहून आली, उदबत्ती लावली अन् बसली. म्हणाली, "आता ती मला भिववत न्हाई. तिच्यावर कुणाचं तरी पांघरूण हाय."

तिनं घासता घासता थोरल्या हातावर स्वतःचा हात धरून पाहिला. तिला तो बायकी हात वाटतो, कष्टाच्या बाईचा. मामांचा नसावा, एवढं मला आता पटतं. मी ह्याच्यापुढं डोकं चालवत न्हाई.

तुला खरं सांगते, बॉडी शेडमधून गेली तर मोकळं वाटायला पायजे होतं. तसं वाटत न्हाई. तिची टांगायची जागा रिकामी दिसते अन् मी दुसरी टांगत न्हाई. लग्नाला यायला पायजे होतं मी. तो हात उमटताना पाहिला असता, तर पहिल्या झटक्यात ओळखला असता.

मामा काय म्हणाले ते लिही. मी वाट बघून राहिले.

वर्षाराणी


औसा, ५ ऑक्टोबर

वर्षे बाळा,

गिटार आली. शिवमनं तारा चढवून, आवाजाच्या डब्याला जोडून दाखवली. कुणी हात न लावता ती घूंऽऽ करत राहती. मी घाबरले, तर शिवम हसला, म्हणाला सगळ्याच करतात, वायरीतल्या करंटचा आवाज असतोय, तारेला माणसाचा हात लागला की गप्प होतोय. तुझ्या मामानं हात ठेवला. गप्प झाली, लेकरावाणी. काढला की पुन्हा घूं. शिवम जेवायला गेला तरी ते तसेच तारेवर हात ठेवून बसले होते.

मग त्या थोरल्या हातावर त्यांनी आपला पंजा धरला. बसला न्हाई. त्यांचा रुंद हाय, बोटं बाहेर येतात. अन् एकाएकी म्हणाले, "आईचा हाय ह्यो." साखराबाई, माझी सासू, पुनम बारकी असताना गेली. पुनम तिच्याच कुशीत झोपायची. "आईनं धरलाय तिचा हात. एकटी न्हाई पोरगी. आई हाय तिच्यापाशी." असं म्हणाले अन् ढसाढसा रडले. तिच्या मातीला बी रडले नव्हते, वर्षे. मग झोपले, दुसऱ्या दिवशी ऊन वर येईस्तवर. उठले ते थेट शेतात गेले. सोयाबीनची काढणी तोंडावर आलीय, म्हणाले.

ही गोष्ट आता गावभर त्यांनीच सांगितलीय. बायका गिटारच्या पाया पडायला येतात. मला हसू बी येतंय अन् रडू बी.

परवा मला म्हणाले, "तुझा बी ठेवून बघ एकदा. खातरी केलेली बरी." पदराला हात पुसला अन् ठेवला.

बसला गं. पेराला पेर लागलं. माझी करंगळी जन्माची वाकडी, ती बी वाकड्या जागी जाऊन टेकली.

मग मला आठवलं. रोज सकाळी वेणीला तेल लावायचं, तसाच तेलकट हात, हे दारात खुरपं घेऊन बसलेले. मी म्हणायची, सरका जरा, अन् वरून हात घालून दार ढकलून शेतात जायची. मला वाटायचं मी नुसतं दार ढकलते. एवढं मोठं दार, कुठंबी हात टेकला असता. रोज तिथंच टेकला, तिच्या बोटांवर, अन् मला ठाऊक न्हाई. ह्यांना मी म्हणायची, गेलेल्या पोरीला किती धरून बसाल, माझ्याकडं बघा, मी सोडलं.

हात ठेवून उभी राहिले मी. वर तुझी काच बसलीय, गार अन् गुळगुळीत. त्यात माझंच तोंड दिसत होतं. लेकीचा हात काय लागला न्हाई.

हे वाट बघत होते. "बसला का?"

मी म्हटलं, "न्हाई. माझा लहान हाय."

"मी सांगितलं न्हवतं?" म्हणाले, अन् आंघोळीला गेले.

तुला म्हणून सांगितलं. तू आता ह्या पत्राला उत्तर धाडू नको, वर्षे. टपालवाला आला की हल्ली तेच उठून पत्र घेतात अन् मोठ्यानं वाचून दाखवतात मला.

कावेरी आत्या